कोल्हापुरात परवडणारं जळण कसं मिळवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरचं जळण गेली बारा-तेरा वर्षं मीच भरतोय. घरात सहा माणसं, परड्यात तांब्याचा बंब, आणि सणावाराला किंवा पाव्हणे आले की चूल. शेजारी, नात्यातले, गावाकडं नव्यानं घर बांधलेले असे सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

आपल्याकडं घर तापवायला कुठं लाकूड लागतं?

शहरात लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, तेवढ्यापुरती दारात शेकोटी होते. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडच्या पश्चिम पट्ट्यात मात्र जून ते सप्टेंबर वेगळं असतं. भिंतींना ओल चढते, धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, पांघरुणांना कुबट वास येतो. तिथं चूल दिवसभर धुमसती ठेवतात, तिच्यावर दांडी बांधून कपडे वाळवतात, आणि घर कोरडं राहतं ते त्या धगीवर. बाकी जिल्ह्यात जळणाचा खरा खप आंघोळीच्या पाण्याला, आणि मग मटणाच्या रश्श्याला.

गॅस किंवा गिझरपेक्षा जळण खरंच स्वस्त पडतं का?

कधी पडतं, कधी अजिबात पडत नाही. अंदाजानं बोलण्यापेक्षा एकदा हिशोब करा.

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. वीस लिटर पाणी ४० अंशांनी तापवायचं म्हणजे ८०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे गिझरला साधारण एक युनिट. गॅसच्या एका किलोत ११,००० च्या आसपास असतात आणि शेगडीवर त्यातला दोन तृतीयांश भाग पातेल्याला लागतो असं धरलं, तर ११० ग्रॅमच्या आसपास गॅस. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साडेतीन हजार धरा, पण बंबात त्यातला पाव हिस्साच पाण्यात उतरतो, बाकीची धग नळकांड्यातून वर जाते. म्हणजे एक किलोच्या जवळपास लाकूड. आमच्या बंबावर मी तागडी घेऊन मोजलं तेव्हाही एवढंच भरलं.

लक्षात ठेवायला सोपं आहे: एका मोठ्या बादलीला एक किलो वाळलेलं लाकूड, किंवा एक युनिट वीज, किंवा ११० ग्रॅम गॅस.

आता वीजबिल काढा आणि तुमचं शेवटचं युनिट ज्या टप्प्यात पडतं त्याचा दर बघा. सिलिंडरच्या किमतीला १४.२ नं भागून गॅसचा किलोचा दर काढा आणि त्याचा नववा हिस्सा घ्या, म्हणजे ११० ग्रॅमचे पैसे निघतात. जळण घरपोच, फोडून, किलोला जेवढ्याला पडतं ते या दोन्हींपेक्षा खाली असेल तरच लाकूड परवडतं. शहरात वखारीतून फोडलेलं लाकूड किलो-किलोनं आणणाऱ्यांनी हा हिशोब नक्की करावा. बऱ्याच जणांना वाटतं तेवढी बचत त्यात होत नसते. गच्चीवर ऊन असेल तर सौर बंब बसवा आणि लाकूड पावसाळ्यापुरतं ठेवा, असं मी शहरातल्या ओळखीच्यांना सांगतो.

मग लोक फसतात कुठं?

ओल्या लाकडात. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. चांगलं वाळलं की ते पाचव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे एक टन ओलं लाकूड वाळल्यावर सव्वासहाशे किलो भरतं. ओल्याचा आणि वाळल्याचा दर सारखाच लावला, तर ओलं घेणारा त्याच जळणाला दीडपटीपेक्षा जास्त पैसे मोजतो. वर ते पाणी आटवायला लाकूड स्वतःचीच उष्णता खर्च करतं, ते नुकसान वेगळंच.

पहिल्या वर्षी मी हेच केलं. मिरगाच्या तोंडावर घाईघाईनं एका वखारीतून टेंपोभर लाकूड आणलं. ‘वाळल्यालं हाय की सगळं, डोळं झाकून न्या,’ असं सांगितलं होतं. बंबात घातलं की कापलेल्या तोंडातून पांढरा फेस यायचा, त्याचे बुडबुडे फुटायचे आणि सूं सूं आवाज करत पाणी गळायचं. आई डोळ्याला पदर लावून फुंकणी घेऊन बसायची. साडेपाचला पेटवलेला बंब सातला कोमट. सगळा आषाढ तिला खोकला होता. तेव्हापासून लाकूड हातात घेऊन बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

वाळलेलं लाकूड ओळखायचं कसं?

दोन तुकडे घेऊन एकमेकांवर आपटा. वाळलेलं टणटण वाजतं, ओलं थप् करतं. कापलेल्या तोंडाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असल्या पाहिजेत. साल अंगठ्यानं ढकलली की सुटली पाहिजे. एक तुकडा मधोमध फोडायला लावा आणि आतली बाजू गालाला लावा. गार लागली तर ओल आहे. ढिगाच्या वरचे चार तुकडे बघून फसू नका, खालचा एखादा ओढून काढा. चांगला विकणारा याला हरकत घेत नाही.

जळण कधी भरायचं?

होळीनंतर, पाडव्याच्या आसपास. तेव्हा घेतलेलं ओलंही चालतं, फक्त दर ओल्याचा लावून घ्या. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मनगटाएवढ्या जाडीचं फोडलेलं लाकूड दोन-अडीच महिन्यांत चांगलं वाळतं. न फोडलेला ओंडका मात्र सहा महिन्यांतही आतून ओलाच राहतो, म्हणून आधी फोडा आणि मग वाळत घाला. रोहिणीच्या आत सगळं आडोशाला गेलं पाहिजे. मे महिन्याच्या शेवटी वळीव झोडपतो आणि एका संध्याकाळी दोन महिन्यांचं वाळवण भिजतं.

जूनमध्ये विकत घेणाऱ्याला दर आणि ओल दोन्ही सोसावं लागतं.

कोल्हापूर आणि आसपास कुठं मिळतं?

पहिली जागा वखार. टिंबर मार्केटच्या बाजूला आणि शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर लाकूड गिरण्या आहेत. तिथं फोडलेल्या लाकडापेक्षा साली आणि कडेचे तुकडे मागा. ओंडक्याच्या फळ्या पाडताना बाजूनं निघणाऱ्या या साली पातळ असतात, लवकर वाळतात आणि बंबाला मापात बसतात. ढलप्या आणि भुसाही मिळतो. भुश्याची शेगडी असेल तर भुसा घट्ट ठासून भरा, तासन्‌तास चालते.

दुसरी जागा शेतकरी. बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी काढताना खोड व्यापारी नेतो आणि फांद्या बांधावर पडून राहतात. त्या कोणी ट्रॉलीभर नेल्या तर शेतकऱ्यालाही रान मोकळं होऊन हवंच असतं. दूधवाला, गावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी, ट्रॅक्टरवाला यांच्या कानावर घालून ठेवा. मला सगळ्यात चांगलं जळण नेहमी असंच तोंडी निरोपातून मिळालं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे शेतातलं कडधान्याचं आणि पिकांचं उरलेलं. तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, शाळूची धसकटं, भुईमुगाची टरफलं. एकट्यानं बंब भागत नाही, पण पेटवणीला यापेक्षा चांगलं काही नाही. उसाचं पाचट भपकन पेटून जातं. ते शेतातच कुजवलेलं बरं. गुऱ्हाळावरचं चिपाड मागायला जाऊ नका, ते त्यांनाच चुलवाणात लागतं. उन्हाळ्यात गल्लीतल्या रसाच्या गाड्यावर मात्र रोज चिपाडाचा ढीग पडतो आणि तो फेकायचा कुठं हा त्यांचा प्रश्न असतो. पोतं घेऊन जा, गच्चीवर चार दिवस कडक ऊन द्या. गोड असल्यानं मुंग्या आणि माश्या येतात, म्हणून पातळ पसरा.

नारळाच्या करवंट्या खाणावळी आणि मिठाईवाल्यांकडं मिळतात. बंबाला त्या उत्तम, वजनाच्या मानानं धग भरपूर. शहाळ्याची सालं फुकट मिळतात, पण पाण्यानं भरलेली असतात. चार फाका करून महिनाभर वाळवायची तयारी असेल तरच आणा.

पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांजवळच्या फांद्या छाटतात. त्या रस्त्याकडेला पडलेल्या दिसल्या तरी आधी तिथल्या माणसांना विचारा. सार्वजनिक झाडाचं लाकूड परस्पर उचलायचं नसतं. घरासमोरच्या खासगी झाडाची रीतसर छाटणी चालू असेल तर मालकाला विचारलं की बहुतेक जण ‘न्या की’ म्हणतात.

ट्रॉलीवर घ्यावं की वजनावर?

वाळलेलं असेल तर वजनावर. ओलं किंवा वेडंवाकडं फाटं असेल तर ट्रॉलीवर ठरवा, कारण वजनावर तुम्ही पाणी विकत घेता. ट्रॉली रचून भरली आहे की नुसती ओतली आहे ते बघा; ओतलेल्या ट्रॉलीत निम्मी पोकळी असते. वजनावर घेताना वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा गाडी चढवा आणि दोन्ही पावत्या हातात घ्या. वाहतूक, हमाली आणि फोडणावळ धरूनच किलोचा दर काढा.

कुठलं लाकूड चांगलं?

बाभूळ. जड, टणक, निखारा लांबपर्यंत टिकतो, धूर बेताचा. काटे सांभाळा. चिंचेचं लाकूडही तसंच, पण फोडताना घाम निघतो, गाठींत पाचर अडकून बसते. सुबाभूळ लवकर वाढते, लवकर वाळते आणि जळतेही चांगली. परवडण्याच्या बाबतीत मी तिलाच पहिला नंबर देतो. निलगिरी ओली असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर तिचा पीळ कुऱ्हाडीला दाद देत नाही. आंबा मध्यम. गुलमोहर, शेवगा, पांगारा, सावर ही हलकी लाकडं झटकन जळून जातात, पेटवणीला ठेवा.

उंबर, वड, पिंपळ आमच्याकडं कोणी चुलीत घालत नाही. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या घरात औदुंबराचं लाकूड जळणात आलेलं चालत नाही, आणि हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. बांबूही घरात जाळू नये असं मानतात. न मानणाऱ्यांनीही जपावं, बंद पेरात हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो.

काय अजिबात जाळायचं नाही?

बिब्ब्याचं लाकूड. त्याच्या चिकानं अंगावर फोड उठतात आणि धूरही अंगाला, डोळ्यांना बाधतो. कण्हेर आणि शेरही तसेच दूर ठेवा.

काजूची टरफलं. आजरा-चंदगडकडं काजूचे कारखाने आहेत, तिथून टरफलं स्वस्तात मिळतात आणि त्यांतल्या तेलामुळं ती भडकून जळतात. पण ते तेल दाहक असतं. घरातल्या चुलीत किंवा बंबात त्याचा धूर नको.

रंग दिलेलं, पॉलिश केलेलं लाकूड, प्लायवूड, सनमायका लागलेले तुकडे. फर्निचरच्या कारखान्यातून हे फुकट मिळतं म्हणून लोक आणतात. त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर विषारी असतो.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत मोडलेल्या पॅलेटच्या फळ्या मिळतात. परदेशी मालाच्या पॅलेटवर छाप असतो. त्यात एचटी ही अक्षरं असतील तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं आहे. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नका. छाप नसेल तर तेल, रसायन सांडल्याचे डाग बघा आणि शंका आली की सोडून द्या. खिळे आधी काढा.

माझ्याच बांधावरचं झाड जळणासाठी तोडलं तर?

झाड तुमचं असलं तरी आधी परवानगी बघा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. ही खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा लागतो, तिथं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज करावा लागतो. तालुक्याच्या वन कार्यालयात जाऊन झाडाचं नाव सांगा आणि लाकूड गाडीतून न्यायला पास लागतो का तेही त्याच वेळी विचारून घ्या. रस्त्यात गाडी अडवल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आणि मनापासून सांगतो, जळणासाठी उभं झाड तोडायची गरजच पडत नाही. फांद्या छाटा, बुंधा राहू द्या. सुबाभूळ आणि गिरिपुष्प तर छाटल्यावर पुन्हा जोमानं फुटतात. बांधाला वीस-पंचवीस झाडं लावली तर आळीपाळीनं छाटून पेटवणीचं आणि बारीक फाट्याचं जळण दरवर्षी घरचं होतं.

जंगलातून वाळलेल्या काटक्या आणल्या तर चालतात का?

राखीव वनात आणि अभयारण्यात नाही. राधानगरी अभयारण्य १९५८ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं. तिथून वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. गव्यांचा कळप त्याच वाटांनी फिरतो, हा धोका वेगळा. वनालगतच्या गावांतल्या लोकांचे काही हक्क असतात, ते त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत आणि वनरक्षकाकडं विचारावेत. शहरातून गाडी घेऊन मोळ्या आणायला जाणं कुठल्याच हक्कात बसत नाही.

शेणी परवडतात का?

मंद धगीला परवडतात. दूध आटवायचं, रात्रभर विस्तव धरून ठेवायचा, तर शेणीसारखं काही नाही. पण किलोमागे उष्णता लाकडापेक्षा कमी आणि धूर जास्त, म्हणून बंबाला नुसत्या शेणी घालू नका. दोन लाकडांच्या मधे एक शेणी ठेवली की विस्तव टिकतो. विकत घेताना शेणी मोडून बघा. आत हिरवट ओल किंवा माती दिसली तर घेऊ नका. पावसाळ्यासाठी शेणींची हुडवी रचून वरून शेणानं लिंपतात, ती रीत आजही ताडपत्रीपेक्षा भारी आहे.

साठवायचं कसं?

जमिनीला टेकवू नका. खाली विटा आणि त्यावर दोन जुने वासे, नाहीतर वाळवी लागते. भिंतीपासून वीतभर सोडा. एक थर उभा, एक आडवा रचला की वारा फिरतो. वरून पत्रा किंवा ताडपत्री घाला, पण बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी गुंडाळलेलं लाकूड आत घामतं आणि बुरशी धरतं. छताच्या लाकडी तुळयांजवळ ढीग नको, घुण तिकडं जातो.

पावसाळ्यात ढिगात हात घालण्यापूर्वी काठीनं ठोका. विंचू, घोणस, फुरसं यांना ही जागा फार आवडते. रात्री जळण काढायला जाऊच नका, दुसऱ्या दिवसाचं संध्याकाळीच आत आणून ठेवा. आमच्याकडं हे काम उजेड असेपर्यंत उरकायचं असा नियम आहे.

आम्ही पूरपट्ट्यात राहतो. आमचं काय?

चिखली, आंबेवाडीकडच्या लोकांना २००५, २०१९ आणि २०२१ नं पुरेसं शिकवलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका. जळण मात्र जुलै लागण्याआधीच माळ्यावर किंवा गच्चीवर गेलेलं असावं. पाणी चढताना ते हलवायला ना वेळ मिळतो ना माणूस. अंगणात राहिलेलं लाकूड तरंगून दारं-भिंती ठोकतं.

पुरात भिजलेलं लाकूड वाया जात नाही. चिखल धुऊन काढा, पुन्हा महिनाभर ऊन द्या आणि पाणी तापवायलाच वापरा, स्वयंपाकाला नको.

कमी लाकडात बंब लवकर कसा तापेल?

नळकांडं झाडा. काजळीचा थर बसला की धग तांब्याला लागतच नाही. आठवड्यातून एकदा काथ्या बांधलेली काठी वरून फिरवा आणि खालची राख रोज काढा, जाळीखालून वारा गेला पाहिजे. लाकडं वीतभर लांब आणि मनगटापेक्षा बारीक असू द्या. तोंडापर्यंत कोंबू नका. थोडी घाला, भडकू द्या, मग पुन्हा घाला. धुराऐवजी ज्वाळ दिसली की समजा लाकूड कामी लागलंय.

पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका. रिकाम्या बंबाचे डाग, म्हणजे डागलेले सांधे, सुटतात आणि तांबटाकडं फेरी पडते.

बंब न्हाणीघरात ठेवला तर?

दार-खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात नाही. थंडीत निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन झोपणं तर मुळीच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवण्याची पद्धत अजून आहे. शेक झाला की शेगडी बाहेर काढा आणि तोवर खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर चूल उघड्या पडवीत न्या किंवा धुराडं काढा. त्यांच्यासाठी लाकूड स्वस्त पडतंय का हा हिशोब करूच नका, गॅस वापरा.

राखेचं काय करायचं?

स्वच्छ लाकडाची राख भांड्यांना, बी साठवायला आणि कंपोस्टात थोडी थोडी चालते. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत घालू नका, तिथं आधीच खार जास्त आहे. गरम राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्यात टाकू नका. वरून गार दिसली तरी आत दुसऱ्या दिवसापर्यंत विस्तव असतो.

उन्हाळ्यात शेणी आणि जळण उरलं तर?

जळण पुढच्या वर्षाला ठेवा, एक वर्ष जुनं लाकूड सगळ्यात चांगलं जळतं. शेणी मात्र दुसऱ्या पावसाळ्यात भुगा होतात. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्याला मोठ्या प्रमाणावर शेणी लागतात. होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला द्यायची चळवळ इथल्या गल्लीगल्लीत आहे. मंडळाची पोरं टेंपो घेऊन दारात येतात, त्यांच्या हवाली करा, नाहीतर पंचगंगा स्मशानभूमीत स्वतः नेऊन पोचवा. पोती सुकी असू द्या आणि तोंडं बांधून द्या, म्हणजे त्यांना रचायला सोपं जातं.